रिकामी बरणी

नेहमीच्या तपासनिसाची पाठ धरली, म्हणून त्या सकाळी फवारणी-वाळवणीच्या खोलीत त्यांच्या जागी चष्मेवाले तपासनीस आले. डोळ्यांत तेल घालून पाहिल्याशिवाय सही न करणारा माणूस! संशोधिकेने यंत्राचं झाकण पुन्हा एकदा तपासलं. तिचं औषध आधीच हट्टी... पाण्यात विरघळेना, जरा ऊब जास्त झाली की यंत्राच्या भिंतीला गुळासारखं चिकटे. शेवटची एक बाटली उरली होती. आज यंत्रात फवारून त्याची कोरडी भुकटी पडली नाही, तर प्रकल्प बंद.

"घाबरलात? हात गार पडलेत," चष्मेवाले म्हणाले.

"छे! माझे हात जन्मापासूनच गार आहेत."

"तापमान नोंदवू का?"

ती हसली. तो गंभीरच राहिला. कान मात्र लाल.

रीत अशी : आधी गरम हवेत औषध न घातलेला नुसता द्रावक फवारायचा, तापमान स्थिरावलं की नळी औषधाच्या बाटलीत घालायची, तपासनिसाने ते पाहून सही करायची. दोन्ही बाटल्या तपकिरी, जुळ्या बहिणींसारख्या. तिने नळी उचलली, पुसली, सोडली. त्याने सही ठोकली.

चाळीस मिनिटांनी तिने खालची बरणी काढली—आणि पायांखालची जमीनच सरकली. चिमूटभरही भुकटी नाही! भिंतीही लख्ख.

"गेलं कुठे सगळं?"

त्याने बाटल्या उचलून पाहिल्या. द्रावकाची रिकामी. औषधाची काठोकाठ.

"नळी परत द्रावकातच गेली. औषध शाबूत आहे."

तिचा जीव भांड्यात पडला. लगेच भुवया वर. "अहो, पण तुम्ही पाहून सही केलीत ना?"

"पाहत होतो... बाटलीकडे नाही."

"मग कुठे?"

त्याने चूक नोंदवायचा कागद ओढला आणि कारण लिहिलं : 'तपासनिसाचं लक्ष दुसरीकडे होतं.'

ती थक्क. "ताकीद मिळेल तुम्हाला!"

"मिळू दे. दुसऱ्या तपासनीस बाईंना पाठवतो. तुमच्यासमोर माझी सही बिनकामाची."

बाई आल्या, नाकासमोर पाहत उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत बरणीत पांढरी, कोरडी, भुरभुरीत भुकटी साठली.

तो बाहेर भिंतीला टेकून उभा होता. "पडली?"

"पडली." तिने तोच कागद पुढे केला. "यावर सही राहिलीय तुमची."

त्याच्या ओळीखाली यंत्र चालवणाऱ्याचं, म्हणजे तिचं, कारण लिहायची जागा होती. तिथे तिच्या अक्षरात एकच शब्द—'वरीलप्रमाणे'.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. या वेळी मात्र नीट पाहूनही त्यांना सही करायला पेन सापडेना.