शंभरातले नव्वद अनोळखी

उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर पेलत ती जिना उतरत होती आणि तो वर येत होता. वाट द्यायला दोघंही एकाच बाजूला सरकली... मग पुन्हा दोघंही दुसऱ्या बाजूला.

"मिटून धरा की. पडेल."

"मिटला तर इन्स्टॉल होणं थांबेल."

त्याने मान तिरकी करून पडद्याकडे पाहिलं. "ते मघाशीच थांबलंय."

ती तिथेच पायरीवर बसली. तो त्या संशोधन संस्थेच्या संगणक विभागातला, आठवड्याभरात दुसऱ्या शहरातल्या नोकरीवर निघालेला. ती मधमाश्यांवर संशोधन करणारी. तिच्या मावशीच्या बारा पेट्यांपैकी आठ पेट्यांतल्या माश्या मेल्या होत्या. मेलेल्या आणि जिवंत माश्यांच्या पोटातल्या जंतूंचा डीएनए वाचून झाला होता. कुठला तुकडा कुठल्या जंतूचा, हे ओळखणारं सॉफ्टवेअर तेवढं चालत नव्हतं. उरलेल्या चार पेट्या जाळायच्या की ठेवायच्या, असं मावशी रोज फोनवर विचारत होती.

"चला माझ्या खोलीत," तो म्हणाला.

ते सॉफ्टवेअर जुनं होतं आणि त्याला सोबतीला आणखी चार सॉफ्टवेअर लागत होती, तीही जुनीच. ती शोधण्यात दिवस गेला. दुसऱ्या दिवशी त्याने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "तुम्हीच टाइप करा. पुढच्या आठवड्यात मी नसेन."

तिने एक ओळ टाइप केली. चुकली. पुन्हा केली.

"परत चुकलात."

"तुम्ही बघत बसता म्हणून."

तो खिडकीकडे तोंड करून बसला. "आता?"

"आता तर... मुळीच सुचत नाही." आणि तिला हसू आवरेना.

संध्याकाळी सॉफ्टवेअर एकदाचं चालू लागलं. पण तिसऱ्या दिवशी निकाल पाहून तिचा चेहरा उतरला. शंभरातले नव्वद तुकडे अनोळखी.

"म्हणजे नवाच रोग," ती हळूच म्हणाली. "मावशीला जाळूनच टाक म्हणून सांगावं लागेल."

"उद्यापर्यंत थांबा. मला काहीतरी खटकतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच तिच्या टेबलापाशी आला. "चूक माझी आहे. माहीत असलेल्या जंतूंची यादी मी इंटरनेटवरून उतरवून घेतली ना, ती अर्धीच उतरली होती. तपासायला हवी होती... तपासली नाही."

"का?"

"तुम्ही हसत होतात."

हे त्याने इतकं सरळ सांगितलं, की रागवावं कसं तेच तिला कळेना. तरी ती रागावली. "पेट्या गेल्या असत्या मावशीच्या."

"माहीत आहे. पूर्ण यादी तपासून पुन्हा चालवलंय. दुपारपर्यंत होईल."

दुपारपर्यंत ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. बसली मात्र त्याच्याच खोलीत.

या वेळी पडद्यावर निकालाच्या ओळी भराभर भरत गेल्या. आठ पेट्यांत एकच ओळखीचा जंतू नुसता बुजबुजला होता. उरलेल्या चार पेट्यांत त्याचा मागमूस नव्हता. तिने लगेच मावशीला फोन लावला.

"चार पेट्या ठेव मावशी. फक्त दूर हलव."

मावशीने मोठा श्वास सोडला. "कुणी शोधलं गं?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

तिने घाईघाईने फोन ठेवला. तो कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसत होता.

"तुमची गाडी परवा ना?" तिने विचारलं.

"निघणं आठवडाभर पुढे ढकललं."

"कशाला? काम तर झालं."

"म्हणूनच." तो जरा अडखळला. "काम नसताना... तुम्ही भेटाल का, ते विचारायचं होतं."

बाहेर सावल्या लांबल्या होत्या. ती खुर्ची त्याच्याकडे वळवून म्हणाली, "आठवडा पुरेल तुला?"

त्या 'तुला'वर तो थबकला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"नाही पुरणार."

"मग असं करू," ती म्हणाली, "एका शनिवारी तू ये, एका शनिवारी मी येते."