डाव्या गालावरचं हसू

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण ही गोष्ट आमच्या ताईच्या घरात घडली आहे. रविवारची दुपार, खिडकीतून लख्ख ऊन, आणि मागच्या खोलीत दोघंच. ताई आणि तिचा नवरा.

ताई फिजिओथेरपिस्ट. वाकडी झालेली कितीतरी तोंडं तिने सरळ केली होती.

नवऱ्याचंच होईना.

चार महिने डावा अर्धा चेहरा निपचित. जबडा शाबूत होता, चावता यायचं. पण घास दातांखाली परत ढकलतो तो गालाचा स्नायू, आणि तोच लुळा. प्रत्येक जेवणानंतर ती बोट घालून गालात अडकलेलं अन्न काढायची.

"अर्धं तोंड बंद पडलं. म्हटलं, भांडणं तरी अर्ध्यावर येतील," तो म्हणाला. "तू दुप्पट बोलायला लागलीस."

"गप्प बसा. आरशात बघा."

भुवई वर. नाही.

डोळा मिटा. नाही.

गाल फुगवा. फुस्स...

तिचा धीर सुटला.

चांगली बाजू लुळीला ओढू नये, म्हणून व्यायामात ती तळव्याने नुसती थोपवायची असते. ताईने त्या दिवशी ती गच्च दाबून धरली. आणि पुटपुटली, "कोणीही हलवा रे... पण हलू दे."

मग म्हणाली, "हसा."

ओठाचा डावा कोपरा...

वर गेला.

"एक," ती रडत रडत मोजू लागली. "दोन. अहो, हसताय तुम्ही. तीन..."

त्याचा उजवा डोळा विस्फारला होता.

"मी नाही हसत."

ती मोजायची थांबली.

कोपरा थांबला नाही.

चार... पाच... सहा...

"पुरे आता. थांबा ना."

"अगं, मी काही करतच नाहीये."

तिने गालावर बोट टेकवलं. आतला स्नायू आवळत होता. ताकदीने. मग डावा डोळा मिटला... सावकाश... आणि उघडून तिच्याकडे बघत राहिला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, छान सुधारणा आहे. घास डावीकडे अडकत नाही.

आता तो उजवीकडे अडकतो.

ताई अजून रोज त्याला आरशासमोर बसवते. तळवा डाव्या गालावर, असेल नसेल तेवढं बळ लावून. निपचित पडलेल्या उजव्या बाजूला विनवत राहते, "हसा ना हो. तुम्ही हसा."

परवा उजवा कोपरा किंचित हलला.

"तुम्हीच ना?" तिने विचारलं.

"हो," उत्तर आलं...

तिच्या तळव्याखालून.