लाल चौकोन

शेकोटीत ते मोठं लाकूड सारा आणि मोबाइल खिशात टाका, तर सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतलं तो बिरजू माझ्या सख्ख्या साळ्याचा पोरगा. त्यानं मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तर उठून जातो.

तारीख पंचवीस नोव्हेंबर, दोन हजार नऊ. बुधवार. संध्याकाळचे पाच. पोंभुर्ण्यात बसस्टँडमागच्या भाड्याच्या खोलीत बिरजू वीज यायची वाट पाहत बसला होता. तेवढ्यात दादाजी आला. पन्नाशीचा माणूस, बिड्यांनी खोकला जडलेला. जंगलात झाडांना बांधलेले कॅमेरे सांभाळणं हे त्याचं काम. नाल्यावरच्या कॅमेऱ्याचं कार्ड त्यानं टेबलावर ठेवलं.

"बॅटऱ्या उतरल्या बाप्पा त्याच्या. नव्या दे, आताच टाकून येतो अन् तसाच घरी जातो."

"अंधार पडते, दादाजीभाऊ. सकाळी जा ना."

"घराच्या वाटेवरच तर हाय."

बॅटऱ्या पिशवीत टाकून तो सायकलवर निघून गेला.

आता बिरजूचं काम सांगतो. बाहेरगावच्या एका संस्थेनं त्याला बारावीनंतर ठेवलं होतं. वाघ, गुरं, माणूस, जे कॅमेऱ्यासमोरून जाईल त्याचा फोटो निघायचा. बिरजूनं कॉम्प्युटरवर एकेक फोटो उघडून माउसनं चौकोन काढायचा. वाघाभोवती पिवळा, गुरांभोवती निळा, माणसाभोवती लाल. असे हजारो चौकोन पाहून मशीननं शिकायचं की वाघ कसा दिसतो, माणूस कसा दिसतो. दीड वर्ष त्यानं हेच केलं. मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाया, गुराखी, खुद्द दादाजी, सगळ्यांभोवती त्यानं लाल चौकोन काढले. त्याच्या शेजारच्या भागीरथामावशीभोवती तर कितीदा. आई गेल्यावर याच मावशीनं त्याला दोन वर्षं जेवू घातलं होतं.

त्या एप्रिलमध्ये मोहफुलं वेचताना मावशीला वाघानं नेलं.

दिवाळीनंतर मशीन आपल्या आपण चौकोन काढू लागली. बिरजूनं फक्त चुका दुरुस्त करायच्या. पहिल्याच आठवड्यात एक चूक निघाली. नाल्यावरून वाघ चालला होता. भोवती पिवळा चौकोन, बरोबर. पण वाघाच्या पाठीवर, रिकाम्या जागेत, एक लाल चौकोन होता. बिरजूनं फोटो मोठा करून पाहिला. मागं झुडपं होती, दुसरं काही नव्हतं. त्यानं चौकोन पुसला. पुढच्या फोटोत पुन्हा तेच. दुसरे वाघही त्या कॅमेऱ्यात यायचे, त्यांच्या पाठीवर काही नसायचं. याच एकाच्या.

त्यानं चंद्रपूरला संस्थेच्या दिव्यानीमॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मशीन शिकतेय अजून. पुसून टाका आणि पुढे चला."

दादाजीला दाखवलं, तर तो स्क्रीनजवळ वाकला.

"आमची बुढी सांगे. वाघानं मारलेला माणूस त्याच्याच पाठीवर बसते म्हणे. पुढं कोनाले न्यायचं, ते तोच दाखवते."

"तुमचं बी काही."

"माह्यं नाई रे. बुढीचं."

सतरा नोव्हेंबरच्या, मंगळवारच्या एका फोटोत त्याच वाघाच्या पाठीवर लाल चौकोन दोन होते. बिरजूनं दोन्ही पुसले. शुक्रवारी त्याच नाल्याजवळ पत्रू गुराखी सापडला. अर्धाच सापडला.

फोटो मंगळवारचा आणि पत्रू मेला शुक्रवारी. बिरजूनं हे कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? रात्री झोप लागत नव्हती एवढं खरं.

तर त्या बुधवारी सव्वासहाला वीज आली. बिरजूनं दादाजीनं आणलेलं कार्ड लावलं. बॅटऱ्या उतरण्याआधीचा शेवटचा फोटो उघडला.

तोच वाघ. पाठीवर तीन चौकोन.

त्यानं दादाजीला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. मग मोटरसायकल काढली.

नाला नऊ किलोमीटर. शेवटचं घर मागं पडलं आणि दोन्ही बाजूंनी सागवान सुरू झालं. रस्ता मुरमाचा. थंडीनं त्याची बोटं बधिर झाली होती. हाका मारत होता, "दादाजीभाऊ… ओ दादाजीभाऊ…"

नाल्याच्या अलीकडे सायकल दिसली. स्टँडवर, नीट लावलेली. हँडलला पिशवी. पिशवीत बॅटऱ्या तशाच.

बिरजूनं गाडी बंद केली नाही. उतरलाही नाही.

"दादाजीभाऊ…"

रातकिडे थांबले.

समोरच्या वळणावर, लाइटच्या उजेडाच्या टोकाशी, वाघ येऊन उभा राहिला. वीस पावलांवर. आडवा. मान वळवून त्याच्याकडे पाहत होता. तोंड ओलं होतं.

पाठ रिकामी. बिरजूनं डोळे फाडून पाहिलं. पाठ रिकामीच होती.

मग त्या रिकाम्या पाठीवरून आवाज आला.

"बिरजू… तू काऊन आला रे?"

मावशी. जेवायला हाक मारायची, तोच आवाज.

बिरजूनं हँडल घट्ट धरलं.

मग कुणीतरी खोकलं. बिडीचा खोकला. तोही तिथूनच… वाघाच्या पाठीवरून.

गाडीचं इंजिन तेवढं चालू.

"हा आपला हाय," मावशी कुणाला तरी म्हणाली. "याले नाई."

वाघानं मान फिरवली. हळूहळू नाल्यात उतरला. सुक्या पानांचा आवाज बराच वेळ येत राहिला… मग तोही बंद झाला.

बिरजू गावात कसा पोचला, ते त्याला आजही आठवत नाही. चावडीपुढं गाडी आडवी पडली आणि तो तिच्याशेजारी बसून राहिला. लोक जमले. टेंभे घेऊन गेले. दादाजी नाल्यात मिळाला, सायकलपासून चाळीस पावलांवर. डॉक्टरनं नंतर सांगितलं, सहाच्या आसपास गेला असावा. म्हणजे बिरजूनं फोटो उघडला त्याच्या आधीच.

बिरजूनं ते काम सोडलं. आता राजुऱ्याला किराणा दुकान आहे त्याचं. बायको आहे, पोरगी आहे. मोहफुलाच्या दिवसांत मात्र गावाकडे येत नाही. संस्थेनं पुढं कॅमेरे काढून नेले. तो वाघही पुन्हा दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंतराव वनरक्षक पंजाचा ठसा घ्यायला गेले होते. वाघ वळणावर जिथं उभा होता, तिथंच. जमीन दगडासारखी कडक. वीस पावलं अलीकडे, त्याच मुरमावर, दादाजीच्या सायकलच्या चाकाचं निशाण नव्हतं, बिरजूच्या मोटरसायकलचंही नव्हतं. ठसा भरायला त्यांनी नेहमीएवढं प्लास्टर कालवलं. पुरलं नाही. दुसऱ्यांदा कालवलं, तिसऱ्यांदा कालवलं. निघाला तो ठसा मी माझ्या हातात धरलाय.

पंजा नेहमीएवढाच आहे. पण त्या कडक मुरमात तो वीतभर खोल रुतला होता.