बंदीच्या यादीतला टॅबलेट

मी नेटवर्कचा माणूस. इकडे उत्तरेत, गोमती नगरच्या आमच्या फ्लॅटमधला वायफाय मीच बसवला, २०१४ साली. पासवर्डशिवाय कुणी आत येऊ शकत नसे, आणि हवेतून जाणारं बोलणं बाहेरच्याला वाचता येत नसे. मला त्याचा फार अभिमान होता.

आई गेल्यावर बाबा सांगलीहून आमच्याकडे आले. रोज दुपारी बरोबर चार-दहाला टॅबलेटवर माझ्या धाकट्या बहिणीशी, हेमाशी, मोठमोठ्याने बोलायचे, आणि नेमकी तेव्हाच माझी ऑफिसची ऑनलाइन मीटिंग अडखळायची. पासवर्ड त्यांनी डायरीत लिहून ठेवलेला; बदलला तर नवा मागितला असता. म्हणून मी त्यांचा टॅबलेटच, 'दिनकर' या त्यांच्याच नावाने, राउटरच्या बंदीच्या यादीत टाकला.

"अनुप, नेट आलं का रे?"

"हाँ बाबा, कंपनी को बोला है. येईल."

हेमाला सांगितलं, बाबांना हल्ली कुणाशी बोलावंसं वाटत नाही. किती सहज खोटं बोललो मी!

डिसेंबरच्या धुक्यात बाबा टॅबलेट घेऊन बाल्कनीत बसू लागले. तिथे रेंज मिळेल म्हणे. मी बंदी उठवली नाही. त्यांना न्यूमोनिया झाला आणि आठवड्यात गेले.

जानेवारीत सहज राउटरची नोंद उघडली. रोज चार वाजून दहा मिनिटांनी एकच ओळ: 'दिनकर – प्रवेश नाकारला.' बाबांच्या तेराव्यानंतरही. टॅबलेट तर कपाटात चार्जिंग संपून पडलेला... एखाद्या उपकरणाची ओळख चोरता येते. शेजारचा कुणी वात्रट असेल, म्हटलं. पासवर्ड बदलला. वीस अक्षरांचा, कुठेही न लिहिलेला. मग मुद्दाम बंदी उठवली. बघू, आता कसा आत येतो.

चार वाजून दहा मिनिटं.

'दिनकर – जोडले.'

खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास आला. बाबा छातीला चोळायचे, तोच. अकरा मिनिटं डेटाचे आकडे पळत राहिले. किती गेलं ते दिसत होतं, काय गेलं ते नाही. मी खुर्चीत थिजून बसलो होतो.

आकडे थांबले आणि फोन वाजला. हेमा.

"दादा... आत्ता बाबांचा व्हिडिओ कॉल आला होता."

"काय... काय म्हणाले?"

"सगळं सांगितलं." बराच वेळ ती नुसती रडत होती. मग हळूच म्हणाली, "ते बाल्कनीत कुडकुडत होते रे. आणि मागे दारात तू उभा होतास. मी किती हाका मारल्या... तू आतून कडी का लावलीस?"

मी तर खुर्चीतून उठलोच नव्हतो. मान वळवून पाहिलं. बाल्कनीच्या दाराची कडी लागलेली होती, आणि काचेवर, बाहेरच्या बाजूने, श्वासाची वाफ धरत होती.