दुसरं छप्पर

१९८६ सालचा ऑक्टोबर. लोकरगिरणीच्या कचेरीत मी खुर्चीवर बसले, तोच टेबलाखालून आवाज आला, "बाई, तुमचा बूट माझ्या हातावर आहे."

मी किंचाळलेच. खालून आधी पाना बाहेर आला, मग लाल केसांचा आइविंड. शेजारच्या गावात चोरांनी एका कचेरीतले कॉम्प्युटर पळवले होते. म्हणून आमच्या मालकीणबाईंनी, हाल्डिसबाईंनी, त्याला खाडीपलीकडून बोलावलं होतं, कॉम्प्युटर टेबलांना बोल्टने जखडायला.

"आता कोणी नेणार नाही ना?"

"नेईल की, टेबलासकट!" तो हसला. "म्हणून आतल्या नोंदींची नक्कल काढायची. आणि ती या छपराखाली ठेवायची नाही."

दुसरं छप्पर त्याचंच ठरलं. दर शुक्रवारी तो फेरीबोटीने येई. ऑर्डरी, विणीचे नमुने, सगळं उतरवलेली फ्लॉपी मी त्याच्या जेवणाच्या डब्यात ठेवी, तपकिरी चीज लावलेल्या पावाशेजारी.

"बोटांना वंगण लागलंय तुझ्या."

"मग झाकण तूच लाव."

मी लावी. त्याचा हात मात्र डब्यावरून हलत नसे…

"लग्न खुशाल करा," हाल्डिसबाई ओरडत, "पण मग माझी फ्लॉपी कुठे ठेवायची, ते आधी सांगा!"

जानेवारीत धक्क्यावर, भुरभुरत्या ओल्या बर्फात तो म्हणाला, "गुद्रुन… फ्लॉपीसाठी दुसरं घर बघ."

"का? तुझं गळतंय?"

"नाही. तिथे — तू राहायला यावंस, असं वाटतं."

बोटीचा भोंगा वाजला. "पुढच्या शुक्रवारी सांगते," मी म्हणाले. उत्तर ओठांवरच होतं. फक्त आठवडाभर ते मला एकटीने मिरवायचं होतं.

गुरुवारी सकाळी कचेरीचं दार मोडलेलं दिसलं. टेबलंसुद्धा गेली होती. हाल्डिसबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. वसंतातल्या ऑर्डरी वेळेवर गेल्या नाहीत, तर गिरणीला टाळं लागणार होतं. मी आइविंडला फोन केला. वादळामुळे फेरी बंद होती.

"बाबांची होडी आहे," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? उद्या ये. फ्लॉपी काय पळून जातेय?"

"फ्लॉपीचं कोण बोलतंय? मी शुक्रवार एक दिवस आधी आणतोय."

"आइविंड, थांब, ऐक… हो! माझं उत्तर हो —"

त्याने फोन ठेवला होता.

होडी खडकांत सापडली. नंतर तोही. डबा त्याने छातीशी बांधला होता, रबरी पिशवीत गुंडाळून. फ्लॉपी कोरडी होती.

नव्या कॉम्प्युटरवर ती मीच उघडली. अगदी शेवटपर्यंत पाहिली. वाटलं, कुठेतरी एखादी ओळ माझ्यासाठी… नव्हती. लोकर, रंग, मापं. दुसऱ्याच्या नोंदींना हात लावणाऱ्यांतला तो नव्हताच.

चोर कधीच सापडले नाहीत. गिरणी मात्र वाचली आणि हाल्डिसबाई होत्या तोवर चालली. नक्कल मीच दर शुक्रवारी आइविंडच्या आईकडे नेऊ लागले. ती कॉफी ठेवी. हे जग सोडून जाताना ती ते घर माझ्या नावावर करून गेली.

तेव्हापासून मी इथेच राहते. छप्पर गळत नाही.