साताच्या पुढे

न गळणारं ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची तोटीवाली काचनळी, प्रयोगशाळेत एकच होतं, आणि त्या दुपारी त्याच्यावर दोन हात एकदम पडले. एक तिचा. दुसरा, एकेक थेंब जपून सोडतो म्हणून पोरी ज्याला थेंबेमास्तर म्हणत, त्याचा.

"तुम्ही घ्या," तो म्हणाला. त्या काळी वर्गातली मुलंमुलीही एकमेकांना अहो-जाहोच करायची.

"उपकार नकोत बाई... वाटून घेऊ."

अशी दोघं एका टेबलावर आली. ती मामाकडे राहून शिकत होती. प्रॅक्टिकलला गचकलीस तर गाशा गुंडाळून घरी, हे मामीनं साखरेत घोळून सांगितलं होतं. हात तिचा झकास चाले, गणित मात्र आडवं येई. व्हिनेगरमधल्या सौम्य आम्लात तीव्र आम्लारी बरोबरीनं पडली की पीएच सात, असं ती ठासून सांगे.

"सात कसा?" तो हसे. "आम्ल संपलं, पण त्याचा क्षार उरला ना? तो पाण्यातला हायड्रोजन ओढतो, मागे हायड्रॉक्साइड सोडतो. म्हणून साताच्या पुढे... पावणेनऊच्या आसपास."

"आणि अर्ध्या वाटेवर?"

तिथं आम्ल आणि क्षार समसमान, म्हणून पीएच तोच आम्लाचा पीकेए, म्हणजे त्याच्या तीव्रतेचा आकडा, पावणेपाच, असं तो समजावी. समजावताना तिच्याकडे बघत राही, आणि मग उगाच चष्मा पुसत बसे.

परीक्षेत पाहुण्या परीक्षकांनी तिला नेमकं हेच विचारलं. तिची पाचावर धारण बसली. पण तोंड उघडलं आणि क्षार, पाणी, पावणेनऊ, सगळं ओळीनं बाहेर आलं. परीक्षक खूश होऊन 'पास' म्हणाले.

शेजारी मात्र थेंबेमास्तरांच्या शंकुपात्रात गडद गुलाबी रंग! फिकट गुलाबीवर थांबायचं, हे तिला शिकवणाऱ्याचीच तोटी उघडी राहिली होती. परीक्षकांनी बजावलं, पुन्हा करा, पण ही शेवटची संधी.

"असं कसं झालं?" तिनं हळूच विचारलं.

"तुम्ही उत्तर देत होता... माझं लक्ष—" त्याचे कानही गुलाबी झाले. "तुम्ही समोर असलात तर पुन्हा तेच होईल."

"मग जाऊ मी?"

"नको."

तिनं हसून स्टूल फिरवलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

"सावकाश सोड," ती म्हणाली. "मी थांबलेय तुझ्यासाठी."

मागे कितीतरी वेळ एकही थेंब पडला नाही. शेवटी परीक्षकांनाच खाकरावं लागलं.