भुऱ्याला पाहुणे कळेनात

मामाच्या धोतराचा सोगा तोंडात धरून भुऱ्या अंगणाच्या मधोमध उभा होता, मामा खाटेवर चढला होता, आणि आधी कुत्र्याला आवरावं की मामाला, हे न कळून तानू दारातच थिजली होती. नेमक्या त्याच वेळी फाटकातून एक सायकल आत आली. सायकलवाला अगदी अनोळखी. पांढरा सदरा, केसांत कापसाची तुसं. भुऱ्याने सोगा टाकला, शेपूट हलवत त्याच्याकडे गेला आणि त्याच्या वहाणा हुंगून तिथेच आडवा झाला.

“भागामावशीचं घर हेच का?”

“पलीकडचं,” तानू म्हणाली.

“म्हणजे चुकलो.” तो खाली बघून हसला. “पण यांनी तर ठेवून घेतलं!”

खाटेवरून मामा ओरडला, “घरना मानूसले फाडस, अन् चोरले लोटांगन घालस! कसा कुत्रा शे हाऊ?”

“चोर नाही, मामा. धुळ्याच्या कापसाच्या कारखान्यातला, जिनातला आहे. कापूस बघायला आलोय. पितांबर माझं नाव.”

तानूला हसू आलं. ते तिने पदराआड लपवलं, आणि लपवल्यावर तिला अपराधी वाटलं. वडिलांना जाऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

भुऱ्याला वडिलांनीच आणलं होतं. साक्रीकडून मेंढ्या घेऊन आलेल्या धनगरांकडून, घोंगडीत गुंडाळून. लांडग्याच्या अंगावर जाणाऱ्या जातीचं पिल्लू. “आपला मळा राखील,” म्हणाले होते. पौषात त्यांना ताप आला आणि ते गेले. पिल्लू राहिलं. मग ते वाढत गेलं आणि त्याचं कोडंही वाढत गेलं. कासार यायचा, पोस्टमन यायचा, नंदीवाला यायचा. भुऱ्या मान वर करत नसे. नात्याचं माणूस आलं, की मात्र अंगावर धावून जायचा.

निंबाकाकांनी, वडिलांच्या धाकट्या भावाने, निकाल देऊन टाकला होता. “आखाजीले दादानी पहिली घागर शे. बठ्ठा गोत येई. त्या दिवशी हाऊ कोनले चावना, ते धनगरले परत दी टाकसू.”

गेलेल्या माणसाच्या नावाने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाण्याने घागर भरतात, वर खरबूज आणि सांजोरी ठेवतात. पहिल्या घागरीला कोणी यायचं राहत नाही. वडिलांच्या हातची तेवढी एकच जिवंत वस्तू आता घरात होती, आणि तीही त्यांच्याच घागरीच्या दिवशी जायची होती.

पितांबर भागामावशीचा भाचा निघाला. मावशीच्या घरी राहून तो आसपासच्या गावांतला कापूस बघायचा, आणि संध्याकाळी भुऱ्यासाठी भाकरीचा तुकडा घेऊन कुंपणाशी यायचा. तानूची आई, भिकुबाई, ओट्यावर डाळ निवडत बसलेली असायची. बोलणं तिच्या देखतच व्हायचं.

“मी परका, म्हणून मला सोडतो. चांगलं की वाईट, सांगा,” तो म्हणाला.

“मला काय ठाऊक?”

“तुम्हाला ठाऊक नाही, त्याला सांगता येत नाही… मग विचारू कोणाला?”

एक दिवस तानूची सख्खी मावशी, आईची बहीण, भेटायला आली, तेव्हा तानू मागच्या पडवीत होती. फाटक वाजलं. भुऱ्या गप्प. पावलं अंगणात आली. भुऱ्या गप्पच. मग मावशीने आईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, आईनेही सूर लावला — आणि त्याच क्षणी भुऱ्या पिसाळल्यागत सुटला.

तानू चुलीशी जाऊन बसली. दुखवट्याचं माणूस दारात आलं की बायांनी गळ्यात पडून रडायचं, ही रीत. पिल्लाला ती कोण सांगणार? त्याने एवढंच पाहिलं, की ही माणसं येतात आणि आपली माणसं रडू लागतात.

तिने हे सांगितलं तेव्हा पितांबरने अख्खी भाकरी भुऱ्यापुढे ठेवली. मग म्हणाला, “म्हणजे तो बिचारा तुमचीच राखण करतोय.”

“आता त्याला शिकवायचं कसं?”

“पाहुणे यावेत आणि तुम्ही हसावं. असं रोज.”

“हसू? या वर्षात?” तिचा आवाज चिरकला. “लोक काय म्हणतील… आणि मला येणारही नाही.”

“ते माझ्यावर सोडा.”

दुसऱ्या दिवशी फाटकातून डोक्यावर उपरणं घेतलेली एक मिशीवाली आत्या आली. “तानू वो! पाय दुखी गयात वो माय! पानी दे!” भुऱ्या बुचकळ्यात पडून एकदा तिच्याकडे, एकदा तानूकडे बघत राहिला. तानूने ओठ घट्ट मिटले. मग आईच डाळीचं सूप बाजूला ठेवून खुदकन हसली, आणि तानूचाही बांध फुटला.

मग रोज कोणी ना कोणी आलं. काठी टेकणारा आजा आला, रुसलेले व्याही आले, जेवणाला नावं ठेवणारा मावसा आला. कापसाचा हंगाम सरला, तरी पितांबरला गावात काही ना काही काम निघतच होतं.

“जिनात तुमची वाट बघत नाहीत?” तिने विचारलं.

“बघत असतील. इथे कोणी बघतं का, ते सांगा.”

तिने भुऱ्याच्या कानामागे खाजवलं. “हा बघतो.”

“हाच?”

ती आत निघून गेली. रात्री झोप लागेना. आपण हसतो ते कुत्र्यासाठी, असं ती स्वतःला सांगायची. मग सायकलची घंटी वाजायच्या आधीच आपण वेणी का घालतो, ते मात्र तिला सांगता येत नसे.

आखाजीला खरी आत्या आली. फाटकातूनच हात पसरून, सूर लावून. सगळं गोत ओट्यावर, निंबाकाका खांबाशी. भुऱ्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले. तानूच्या घशात हुंदका होता, अगदी खरा. तो तिने गिळला, पुढे झाली, आत्याच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि हसून म्हणाली, “आत्या, आधी पाणी घे. ऊन किती झालंय!”

आत्याचा सूर तुटला. “मी रडाले उनू, अन् पोर हसी राहिनी!” ओट्यावर कुजबुज उठली. भुऱ्या आला, आत्याचं लुगडं हुंगलं आणि सावलीत जाऊन बसला. आत्याने त्याच्याकडे पाहिलं, मग तानूच्या लाल डोळ्यांकडे. “दे बरं पानी,” ती हळूच म्हणाली.

घागर भरली गेली. जेवणं झाली. भुऱ्यापुढे पुरणाची पोळी निंबाकाकांनीच टाकली.

दिवस कलला तेव्हा तानू कुंपणाशी उभी होती. पितांबरची सायकल धुळ्याच्या वाटेकडे तोंड करून होती.

“जिंकलात तुम्ही,” तो म्हणाला. “आता… मी यायचं कारण उरलं नाही.”

तिने काहीतरी हसरं बोलायला तोंड उघडलं, आणि दिवसभर गिळलेलं सगळं एकदम वर आलं. वडील, घोंगडी, रिकामी खाट, ही पाठमोरी उभी सायकल… कशासाठी रडतोय, तिचं तिला कळेना. ती नुसती रडत राहिली.

भुऱ्या ताडकन उठला. दोघांच्या मध्ये आला, पितांबरवर दात काढून गुरगुरू लागला. पितांबर हलला नाही.

“गप रे!” तानूने त्याच्या पाठीवर हात ठेवला. “काय करतोस? आपलाच आहे तो.”

मग आपण काय बोललो, ते तिच्या कानांवर आलं.

पितांबरने सायकल कुंपणाला टेकवली.